कात्री लावण्याआधी विचारलंत का?

मित्रांनो, मी मोजायची मणीमाळ. जुनी आहे आणि भयंकर चिडलेली आहे. आधीच सांगून ठेवते.

कशेळ्याच्या पुढे डोंगराकडे एक वाडी आहे. तिथल्या आठ मुलांच्या शाळेत माझा जन्म झाला. सुनिताबाईंनी बाजारातून मणी आणले. दहा लाल, दहा पांढरे असे शंभर ओवून त्यांनी मला खिडकीच्या गजापासून फळ्याच्या खिळ्यापर्यंत बांधलं.

त्या आठांतली ठमी वर्गात तोंडच उघडायची नाही. बाईंनी तिचं बोट माझ्यावर ठेवलं, तेव्हा ती पहिल्यांदा बोलली, "येक." मग रोज थोडी पुढे सरकायची. शहाण्णवपर्यंत आली. "उद्या शंभर करायचे हां गं," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी परदेशातून दोन मुली आल्या, शिक्षिका व्हायला शिकणाऱ्या. मुक्काम पंधरा दिवस. येसाजी गुरुजींनी, म्हणजे आमच्या हेडमास्तरांनी, बजावून ठेवलं होतं, "पाहुण्यांना कशालाच नाय म्हणायचं नाय!" झालं! क्लारा नावाच्या पाहुणीने कात्री काढली, मला कचकन कापलं आणि दहा-दहा मण्यांची, मनगटात घालायची मैत्रीची कडी केली. आठ मुलांना आठ, त्या दोघींना दोन. बाई नुसत्या बघत राहिल्या. अहो बाई, तोंडाला काय कुलूप लावलं होतं? मुलं नाचली, फोटो निघाले. ठमी पुन्हा मुकी झाली.

क्लारा वाईट नव्हती हो. मुलांची नखं कापायची, पंगतीत खिचडी वाढायची. पण भिंतीला बांधलेली वस्तू कुणाच्या तरी कामाची असेल, एवढं विचारायला काय जातं?

निरोपाच्या दिवशी ठमीने हातातलं कडं काढून बाईंपुढे धरलं. "ह्ये माजं नाय. माळेचं हाय." तिच्यामागून बाकीची सात कडीही आली. बाईंचे डोळे भरले. "चुकलं गं माझं," त्या म्हणाल्या. क्लाराला वाटलं, ही इथली काहीतरी रीत असेल. तिने टाळ्या वाजवल्या. माझे वीस मणी मनगटांवर घालून दोघी निघून गेल्या.

बाईंनी मला पुन्हा ओवून बांधलं. आता मी ऐंशी मण्यांची आहे. मित्रांनो, कुणाच्याही शाळेत जा, पण वस्तूला हात लावण्याआधी विचारा. आणि तुमच्या वस्तूला कुणी कात्री लावायला आलं, तर पाहुणा असला तरी नाही म्हणा!

ठमी रोज ऐंशीपर्यंत येते. मणी तिथे संपतात. ती थांबत नाही. मोकळ्या दोरीवर बोट ठेवून "येक्याऐंशी" म्हणते आणि शंभर करूनच खाली बसते.