पहिल्या ओळीतला कचरा

रविवारी सकाळी शिरूरहून दौंडला निघालेली एसटी न्हावऱ्याला पाऊण तास थांबली. कुणी म्हणालं ड्रायव्हर चहाला गेलाय, कुणी म्हणालं टायर बघतोय. रणपिसे बाई खिडकीशी बसून राहिल्या. एरवी त्यांनी उतरून विचारपूस केली असती. पण त्या महिन्याअखेर अठ्ठावन्न वर्षं पुरी होऊन त्या निवृत्त होणार होत्या, आणि त्यांचे गुडघे तर दोन वर्षांपूर्वीच निवृत्त झाले होते.

पिशवीत दौंडच्या मूकबधिर शाळेतल्या तेजश्रीचं पोस्टकार्ड होतं. ‘बाई, रेघेचा प्रोग्राम तीन आठवडे बंद आहे. मुलांनी आवाज काढायचं सोडलंय. सीमा तर तोंडही उघडत नाही. जाण्याआधी एकदा याच.’

जाणं म्हणजे नागपूरला, मुलाकडे. घरातलं सामान अर्धं बांधून झालं होतं. गेल्याच आठवड्यात बाईंनी तीस वर्षांची वह्या-पुस्तकं रद्दीवाल्याला घातली होती. आजचा रविवार चुकला तर पुन्हा दौंड होणार नव्हतं, आणि रेघ कायमची बुडणार होती. ती दुरुस्त करील असं त्या तालुक्यात दुसरं कुणी नव्हतं.

साल त्र्याण्णव. तेव्हा शाळेतल्या कॉम्प्युटरला स्वतःचा पडदा नसे. रबरी बटणांची, पाटीएवढी काळी डबी असे. ती टीव्हीला जोडायची, आणि शेजारी टेपरेकॉर्डर ठेवायचा. प्रोग्राम कॅसेटवर असे. कॅसेट लावली की दोन-तीन मिनिटं किरकिर ऐकायची आणि मग काय ते काम. सहा-सात वर्षांपूर्वी बाईंच्या हायस्कूलला असं एक स्पेक्ट्रम मशीन आलं, तेव्हा गणिताचे दोघे सर म्हणाले, आम्हाला वेळ नाही. म्हणून ते बाईंच्या टेबलावर आलं. रात्री जेवणं उरकली की बाई त्याच्याशी बसत. प्रोग्राम लिहायची भाषा, बेसिक, त्यांना महिन्याभरात आली.

दौंडच्या मूकबधिर निवासी शाळेचं काम तीन वर्षांपूर्वी त्यांनी आपणहून अंगावर घेतलं. ऐकू न येणाऱ्या पोरांना आपला आवाज निघतो की नाही हेच कळत नाही. तो त्यांना डोळ्यांनी दाखवता आला तर? टेपरेकॉर्डरच्या माइकमधून आवाज मशीनमध्ये घ्यायचा, आणि जितका चढा सूर तितकी उंच रेघ टीव्हीवर काढायची, एवढीच युक्ती. पण बेसिक पडलं संथ. ते एकदा कान देऊन दुसऱ्यांदा कान देईपर्यंत आवाज कितीतरी वेळा थरथरून जाई. मग बाईंनी ऐकण्यापुरता तुकडा मशीनच्या स्वतःच्या भाषेत, असेम्ब्लीत लिहिला. आलेखाच्या वहीत एकेका कृतीचा आकडा शोधून मांडला आणि तो तुकडा बेसिकच्या पोटात बसवला. रेघ काढायची ती बेसिकने, ऐकायचं ते त्या तुकड्याने.

कासुर्डीची सीमा तेव्हा सहा वर्षांची होती. तिने पहिल्यांदा ‘आ’ म्हटलं आणि रेघ उठली, तेव्हा ती टीव्हीच्या मागे जाऊन बघून आली.

दौंडला बाई पोचल्या तेव्हा साडेअकरा वाजले होते. फाटकातच स्वयंपाकाच्या झुंबरबाई भेटल्या.

“या. म्हटलं बाई आता नागपूरकरीन झाल्या, आमाला कशाला वळखत्यात.”

“अजून आहे मी शिरूरची, आठ-दहा दिवस.”

“मग भाकरी खाऊनच जावा. त्या तेजश्रीला बी द्या थोडी. तीन आठवडं झालं, त्या डब्याफुडं बसून पोरीनं पार चिपाड करून घेतलंया.”

तेजश्री शितोळे ही बाईंचीच विद्यार्थिनी. हायस्कूलच्या पहिल्या कॉम्प्युटर वर्गात ती पुढच्या बाकावर असे. आता बावीस वर्षांची होती आणि या शाळेत शिक्षिका होती. बाई खोलीत आल्या तशी ती उभी राहिली, आणि बसा म्हणायचंही विसरली.

“चालू कर,” बाई म्हणाल्या.

कॅसेट किरकिरली. प्रोग्राम आला. तेजश्रीने तो सुरू केला, आणि टीव्हीवर रंगीत पट्टे येऊन मशीन ठप्प झालं.

“पुन्हा घे. चालवू नकोस, नुसती यादी दाखव.”

यादी आली. ओळ दहा, वीस, तीस. बाईंनी चष्मा पुसला आणि परत बघितलं.

“एक नंबरची ओळ कुठंय?”

“कुठली, बाई?”

“दहाच्या आधीची. रेमची.”

तेजश्री म्हणाली, “ती मी काढली. कचरा होता तिच्यात. प्रश्नचिन्हं, अधिक, कंस, काहीही. मला वाटलं कॅसेटला बुरशी लागली, म्हणून चुकीचं काहीतरी वाचलं गेलं. आणि त्यात न्यू असा शब्द होता, बाई. फ्लॅश, रिटर्न, न्यू. न्यूनं तर सगळा प्रोग्राम पुसला जातो. मी घाबरले. पोरांचा प्रोग्राम जायचा म्हणून काढून टाकली.”

“दुसरी कॅसेट?”

“तिच्यावरपण साफ केलेलाच घेतला. दोन्ही प्रती सारख्या ठेवायच्या, तुम्हीच म्हणायचा.”

बाई खुर्चीत मागे टेकल्या. टीव्हीवर यादी तशीच होती.

“ओळ काढताना काही वाटलं नाही तुला?”

“वाटलं ना. मग आठवलं. पहिल्या तासाला तुम्ही फळ्यावर लिहिलं होतं. रेम म्हणजे माणसासाठी लिहिलेली टीप. मशीन तिच्याकडे बघतसुद्धा नाही. खोडली तरी काही बिघडत नाही.” ती खाली बघत म्हणाली, “माझ्या वहीत आहे अजून, लाल शाईनं.”

बाईंना फळा आठवला. हातातला खडूही आठवला. त्यांनी तसंच शिकवलं होतं आणि ते खरंही होतं. रेम लागली की बेसिक उरलेली ओळ न वाचता पुढे जातं. म्हणूनच तर त्यांनी तिथे आपला तुकडा दडवला होता. बेसिक त्याला हात लावणार नाही, आणि कॅसेटवर दोन्ही एकत्र जातील. मशीनच्या भाषेतले आकडे बेसिक यादीत दाखवू लागलं, की त्यांना आपले शब्द चिकटवतं. मशीनला जो आकडा ‘एवढाच अंश ठेव’ असं सांगतो, तोच बेसिकला ‘न्यू’ दिसतो.

“तो कचरा नव्हता, तेजश्री. ऐकायचं काम तोच करत होता.”

तेजश्रीने तोंडावर हात ठेवला. “मग मला सांगितलं का नाही, बाई?”

खरं उत्तर बाईंना ठाऊक होतं. एकदा वरून एक साहेब शाळा बघायला आले होते. रेघ बघून ते म्हणाले, वा, हे कुठल्या सरांनी केलं? बाई काही बोलल्या नाहीत. पण त्या दिवसापासून ती एक नंबरची ओळ त्यांना फार आवडू लागली. आपण तिथे आहोत आणि कुणाला दिसत नाही, याचंच एक सुख होतं. शिकवायचं म्हटलं तर एका दुपारचं काम. तीन वर्षांत ती दुपार त्यांनी काढली नव्हती.

“राहून गेलं,” त्या म्हणाल्या. मग त्यांना ते उत्तर फारच हलकं वाटलं. “राहून नाही गेलं. मी ठेवलं. चूक माझी. तुला मी जे शिकवलं तेच तू केलंस.”

“आता?”

“आता मशीनसोबतचं पुस्तक काढ. शेवटी तक्ता आहे. आणि वही घे. तू लिहायचंस, मी सांगते. माझी वही रद्दीत गेली.”

आकडे त्यांना आठवत नव्हते. काम आठवत होतं. ते त्या डोळे मिटून सांगत आणि तेजश्री तक्त्यात आकडा शोधी. आधी म्हण, बाकी सगळं बंद. ऐकताना घड्याळाकडेही बघायचं नाही. दोनशे त्रेचाळीस. मोजणी शून्यावर आण. किती वेळा कान द्यायचा ते ठरव. आता कान दे. दोनशे एकोणीस, दोनशे चोपन्न. त्यातला फक्त माइकचा अंश ठेव. मागच्याशी ताडून बघ. तेच असेल तर पुढे जा. बदललं असेल तर नवं लक्षात ठेव आणि मोजणीत एक मिळव. वेळा संपल्या नसतील तर परत कान द्यायला मागे जा.

“मागे किती?”

“पावलं मोज. उडीचे दोन आकडेही धरायचे.”

तेजश्रीने पेन्सिलीच्या टोकाने मोजलं. “चौदा.”

“मागची उडी उलटी लिहायची. दोनशे छप्पन्नातून वजा कर.”

“दोनशे बेचाळीस.”

“आणि शेवटी बेसिककडे परत. दोनशे एक.”

मधे झुंबरबाई भाकरी आणि वांग्याचं कालवण ठेवून गेल्या. जाताना वहीकडे बघून म्हणाल्या, “ह्ये काय, मटक्याचं आकडं काढताय व्हय दोघी?” कुणी हसलं नाही, तेव्हा त्या स्वतःच हसून गेल्या. बाईंचा हात कालवणात तसाच राहिला होता. पाठ भरून आली होती. त्यांना वाटलं, इथंच जमिनीवर आडवं व्हावं आणि कुणी उठवू नये.

एक नंबरची रेम ओळ पुन्हा घातली, तिच्यात तीस ठिपके ठेवले, आणि ठिपक्यांच्या जागी एकेक आकडा भरला. चालवण्याआधी प्रोग्राम कॅसेटवर घेतला. मग टेपरेकॉर्डरचा माइक चालू केला आणि तेजश्रीने “आ” म्हटलं.

रेघ उठली. आणि तिथेच सगळं थिजलं. दुसरी रेघ येईना. कुठलंही बटण दाबलं तरी मशीन हूं की चूं करीना. शेवटी वायर उपटावी लागली.

पुन्हा कॅसेट, पुन्हा किरकिर, पुन्हा तेच. बाईंनी वही डोळ्यांजवळ नेली, आकडे वरून खाली वाचले, खालून वर वाचले. सगळे बरोबर वाटत होते. तिसऱ्यांदा वाचताना ओळी एकमेकींत मिसळायला लागल्या.

“मला नाही दिसत गं,” त्या म्हणाल्या. “पूर्वी दिसलं असतं.”

खोलीच्या दाराशी सीमा येऊन उभी होती. आता नऊ वर्षांची. टीव्हीकडे बघत होती, ओठ घट्ट मिटलेले. बाईंनी हात केला. ती आत आली नाही.

तेजश्रीने वही आपल्याकडे ओढली. सगळ्या आकड्यांसमोर तिने बाईंनी सांगितलेलं काम मराठीत लिहिलं होतं. ती ते पुटपुटत वाचत गेली. मग परत पहिल्या ओळीवर आली.

“बाई, सुरुवातीला आपण बाकी सगळं बंद करतो ना? घड्याळसुद्धा.”

“हो.”

“मग ते उघडतो कुठं? बेसिकमध्ये पन्नास नंबरच्या ओळीत आपण मशीनला जरा वेळ थांब म्हणतो. घड्याळच बंद असेल तर त्याला वेळ संपला हे कळणार कसं? ते थांबूनच राहणार.”

बाईंनी पुस्तक तिच्यापुढे सरकवलं. तेजश्रीने तक्त्यावरून बोट फिरवलं.

“दोनशे एक्कावन्न. हे असणार. परत जाण्याच्या आधी.”

“घाल,” बाई म्हणाल्या.

तिने घातलं. पंचवीस आकडे झाले. कॅसेटवर घेतला, सुरू केला आणि माइकपुढे वाकून ती लांब “आ” म्हणाली. रेघ उठली, तिच्याशेजारी दुसरी, तिसरी. बारीक सुरात रेघा उंच झाल्या, जाड सुरात खाली आल्या.

सीमा दारातून हलली. हळूहळू टेबलाशी आली. तीन आठवडे त्या टीव्हीने तिला काही दाखवलं नव्हतं. तिचा भरवसा उडाला होता. तिने आधी तेजश्रीच्या गळ्यावर हात ठेवला, मग आपल्या. तोंड उघडलं. काही निघालं नाही. रेघ तळाशीच. ती मागे वळणार होती. तेजश्रीने तिला धरलं नाही, नुसती स्वतः पुन्हा “आ” म्हणाली आणि गप्प बसून राहिली. मग सीमाच्या घशातून खरखरीत, तुटका आवाज आला. तळाची रेघ बोटभर वर आली.

सीमाने बाईंकडे नाही बघितलं. तेजश्रीकडे बघितलं.

बाईंनी ते पाहिलं. त्यांना वाईट वाटलं, पण फार नाही. दमलेल्या माणसाला वाईटही पुरतं वाटत नाही.

“आता पुसून टाक,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“मशीन बंद कर. कॅसेटला हात लावायचा नाही. कोऱ्यावरून एकटीनं उभं कर, वहीसुद्धा माझ्याकडे दे. पुस्तक घे फक्त. तुला आलं तर मी नागपूरला जाईन, नाही आलं तर इथंच मुक्काम.”

“बाई, सीमाला आता कुठं—”

“तिला शेजारी बसव. तिलाही बघू दे कुठून येतं ते.”

वही घेऊन बाई बाहेर ओट्यावर आल्या आणि भिंतीला टेकल्या. रुळांवरून एक मालगाडी लांबच लांब जात होती. डबे मोजायची त्यांची जुनी सवय. सतराव्या डब्यावर त्यांचा डोळा लागला.

किती वेळ गेला कोण जाणे. जाग आली ती ओरडण्याने. एक नव्हे, पाच-सहा पोरांचा आवाज; कुणाचा खर्जात, कुणाचा किंचाळल्यासारखा, कशाचा कशाला मेळ नाही. मधूनच तेजश्रीचा स्वच्छ “आ”. खोलीच्या दारात चपलांचा ढीग झाला होता.

झुंबरबाई परात घासता घासता कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, “झालं सुरू. तीन आठवडं कसं निवांत हुतं. आता संध्याकाळपातुर कान किटणार.”

“किटू दे,” बाई म्हणाल्या, आणि शिरूरची एसटी किती वाजता आहे ते त्यांना विचारलं.