सभापतींची सायकल

"उतर खाली, सटवे! मांड्या दाखवत हिंडतीया गल्लीभर! कावून गं विमे, पोरगं व्हायचंय का तुला?"

छबुआत्याला जाऊन कैक वर्षं झाली, पण केजच्या गल्लीतला तिचा हा आवाज विमलबाईंच्या कानात अजून ताजा होता. तेव्हा विमल परकराचा काचा मारायची, भावाच्या काळ्या सायकलच्या दांडीखालून पाय घालायची आणि हाफ पॅडल मारत डेअरीवर दूध घालून यायची. भावाला सकाळी उठवत नसे, म्हणून हे भाग्य तिच्या वाट्याला आलेलं. आत्या बापाच्या कानाला लागली आणि ते भाग्य सरलं. पुढं लग्न होऊन ती उमापूरला आली, आणि चाकाशी तिचा संबंध उरला तो एसटीच्या खिडकीपुरता.

नवरा बबनराव. गाव त्यांना सभापती म्हणे. कधीकाळी अडीच वर्षं ते पंचायत समितीच्या खुर्चीत बसले होते. खुर्ची गेली, पण तो शब्द राहिला. दाढी झाल्यावर कानामागं साबण राहतो तसा. घराच्या पाटीवर सभापती, जीपच्या काचेवर सभापती, भाच्याच्या लग्नपत्रिकेत सभापती. विमलबाईंना कधीकधी वाटे, हा माणूस झोपेत कूस बदलतो तेसुद्धा ठराव मांडून, टाळ्यांची वाट बघून.

त्यांची लेक प्रियदर्शनी नोकरीसाठी फ्रान्सला असते. गेल्या साली तिनं दोघांना बोलावून घेतलं आणि वर एक बेत आखला. नदीकाठानं, द्राक्षांच्या मळ्यांतून, गावोगाव मुक्काम करत सायकलनं जायचं. सामान एका गाडीत पुढं जाणार, माणसांनी मागून निवांत यायचं.

"आपल्याला काय अवघड हाय त्यात?" बबनराव म्हणाले होते. "कॉलेजात बीड ते नारायणगड सायकलनं गेलतो मी."

गेले नव्हते. ते ट्रकमध्ये बसून गेलते, हे विमलबाईंना सासूनंच सांगितलं होतं.

पहिल्या दिवशी तासाभरात सभापती गार झाले. जन्मभर गादीच्या खुर्चीवर बसलेला माणूस, त्याला ती अरुंद सीट कशी सोसावी? एका बारक्या चढावर ते उतरले, रस्त्याकडेच्या गवतात पालथे पडले आणि लेकीला म्हणाले, "पियू, ती सामानाची गाडी बोलीव." त्या दिवसापासून शेवटच्या मुक्कामापर्यंत ते बॅगांच्या शेजारी बसून गेले. गाडीचा गोरा डायवर आरशातून त्यांच्याकडं बघे आणि मिशीतल्या मिशीत हसे. हे आपले त्याला मान हलवून नमस्कार करत, मतदार असल्यागत.

आणि विमलबाई? लेकीची सलवार घालून, पायांत बूट चढवून, पन्नाशीतली ही बाई पहिले दोन फर्लांग डुगडुगली. मग पायांना जुनं काहीतरी सापडलं आणि ती निघाली.

लुआर नाव त्या नदीचं. न्हाऊन आलेली बाई केस मोकळे सोडून उन्हात बसावी, तशी ती वाळूची बेटं अंगावर घेऊन पसरलेली होती. तिला कुठं जायची घाई नव्हती. काठाला पांढऱ्या दगडांची घरं. आपल्याकडं द्राक्षाला मांडव घालतात. तिथं वेल कमरेएवढीच, ओळी मात्र फणीनं भांग पाडावा तशा सरळ, आणि कितीतरी ओळींच्या तोंडाशी गुलाबाचं एकेक झाड. रस्त्यावर आवाज म्हणाल तर चाकाचा आणि पाखरांचा. मागून मोटार आली की विमलबाई सवयीनं उतरून कडेला उभ्या राहत. मोटारवाला तिथंच थांबे आणि हातानं खुणावे, आधी तुम्ही. भोंगा नाही, शिवी नाही. असं दोनदा झालं, तिसऱ्यांदा त्या उतरल्याच नाहीत. समोरून कुणी "बाँझूर" म्हटलं की त्या "राम राम" म्हणत. आणि चढ संपून उतार लागला की आपसूक ओठांवर येई:

परक्या मुलखाची, नदी संथ गं वाहती
माझ्या चाकाच्या संगती, द्राक्षांच्या वेली धावती

गाव आलं की मात्र सभापती गाडीतून उतरत. विमलबाईंच्या हातातली सायकल घेत, त्यांच्याच डोक्यावरचं हेल्मेट स्वतःच्या डोक्यावर चढवत, पोट आत ओढत आणि म्हणत, "पियू, काढ गं." फोटो निघाला की सायकल परत आणि पोट पुन्हा बाहेर.

परतीच्या वाटेवर, विमानतळावरच्या बाकड्यावर, त्यांनी बायकोला समज दिली. "हे बघ, गावात काय सांगायचं ते मी सांगीन. तू तोंड उघडू नकोस. सभापतीची बायको सलवार घालून सायकलवर हिंडली म्हणल्यावर लोकं काय म्हणतील? इलेक्शन तोंडावर हाय. घराची इज्जत हाय का न्हाई?"

"बरं," विमलबाई म्हणाल्या. पंगतीत दाताखाली खडा आला तरी बाई तो चारचौघांत थुंकत नाही, गिळते. त्यांचं 'बरं' तसलं होतं.

गावात पाय ठेवला आणि वेशीवर फ्लेक्स लागला. सभापतींचा उजव्या हाताचा माणूस बंकट, त्यानंच तो छापून आणलेला. मधोमध हेल्मेटमधले बबनराव, सायकलवर बसलेले. 'फ्रान्सच्या भूमीवर सायकल चालवून उमापूरचे नाव सातासमुद्रापार नेणारे आमचे नेते.' सायकल स्टँडवर लावलेली आहे, हे तेवढं बंकटला कापता आलं नव्हतं. खाली गॉगल घातलेल्या कार्यकर्त्यांची मुंडकी, बाजारात कोबी मांडावा तशी.

बैठकीत रोज दरबार भरू लागला.

"सभापती, तिकडं चढ लई आसतील न्हाई?" बंकट विचारी.

"चढ? आरं बंकट, भिताडासारखा उभा चढ! पर मी खाली म्हणून उतरलो न्हाई."

बरोबर हाय, चहाचा ट्रे धरून उभ्या विमलबाई मनात म्हणत. गाडीतून उतरायला कुणी सांगितलंतं तुमाला.

"आन वहिनी वं?"

"ही व्हय? ही सामानाच्या गाडीत. बायामाणसाचं काम हाय का ते?"

सगळे हसले. बंकट तर मांडीवर थाप मारून हसला, म्हणाला, "वहिनीसायबांनी बॅगा सांभाळल्या म्हना की!" विमलबाईंनी त्याच्यापुढं कप ठेवला. साखर घालायची राहिली होती. ती त्यांनी तशीच राहू दिली.

मग एक दिवस पुण्याहून टेम्पोनं खोकं आलं. आत सायकल, नदीच्या पाण्यासारखी निळी, पुढं छोटी टोपली. लेकीचा फोन आला. "आई, ही तुझी. पुण्याच्या दुकानातून धाडलीय. सकाळच्या पारी कालव्याच्या रस्त्यानं जात जा. जाशील ना?"

"जाईन की," विमलबाई म्हणाल्या. फोन ठेवून त्यांनी पदर खोचला.

पण त्यांचा हात लागायच्या आत बबनरावांनी सायकल बैठकीत नेली. पुण्याच्या दुकानाचं स्टिकर नखानं खरवडून काढलं, कुलूप लावून किल्ली खिशात टाकली आणि हँडलला झेंडूचा हार घातला. आल्यागेल्याला ते सांगू लागले, "हीच ती. फ्रान्सहून आणली. जीव जडला होता हिच्यावर." झाडलोट करताना विमलबाई पायाच्या अंगठ्यानं पॅडल उलटं फिरवत. टिकटिकटिक असा बारीक आवाज होई. तेवढ्यावर त्यांची सकाळ निघे. थोड्या दिवसांत हे निवडून येतील, फोटो काढून होतील, मग किल्ली देतीलच की, असं त्या स्वतःला समजावत होत्या.

एका दुपारी बबनराव आरशापुढं भांग पाडत म्हणाले, "आयतवारी सत्कार हाय आपला, सपत्नीक. जिल्ह्याचे मोठे सायब येत्यात. ती चंदेरी नेस. आन स्टेजवर ही सायकल मी सायबांना भेट देणार हाय. झेडपीचं तिकीट पक्कं समज."

विमलबाईंच्या हातातली कपड्याची घडी सुटली. "ती माझी हाय की."

"तुला काय करायचीय सायकल? कालव्यावर म्हशी हाकायच्यात का? पियूला सांग, दुसरी धाडील."

"आन दुसरी आली म्हंजी ती कुणाला देनार?"

बबनरावांनी खरोखर विचार केला. कंगवा केसांतच थांबला. "बघू," ते म्हणाले, "आमदारकीच्या वेळंला."

विमलबाईंना हसू आलं. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्यानं केलेला हा पहिला खरा विनोद, आणि तोही त्याला ठाऊक नव्हता.

रविवारी मारुतीच्या पारापुढं मांडव पडला. सपत्नीक सत्कार म्हणजे काय, हे विमलबाईंना पाठ होतं. नवऱ्याला फेटा, शाल, हार आणि माईक. बायकोला साडीचा पुडा आणि नारळ. तो धरून डोक्यावर पदर घेऊन उभं राहायचं, देवळातल्या समईसारखं. कुणी फुंकलं तर विझायचं, एरवी तेवायचं. मोठे साहेब दोन तास उशिरा आले आणि तेवढा वेळ बंकटनं माईकवरून गावाला टाळ्या वाजवायला लावल्या. मग भाषणं झाली. एकानं सभापतींना मराठवाड्याची शान म्हटलं, दुसऱ्यानं जगाची. तिसरा उठला तर त्याला फ्रान्स कुठं आहे ते आठवेना, तो "विदेशात, विदेशात" म्हणत राहिला.

शेवटी हार घातलेली निळी सायकल चौघांनी उचलून स्टेजवर आणली. बबनरावांनी खिशातून किल्ली काढली आणि वाकून साहेबांच्या हातात दिली. फोटो निघाले. विमलबाई किल्लीकडं बघत होत्या. साहेबांनी ती बघितलीसुद्धा नाही, मागच्या माणसाकडं दिली. त्यानं खिशात टाकली.

पण साहेब आज खुशीत होते. माईक ओढून म्हणाले, "सभापती, भेट अशी कोरडी न्हाई घेनार आमी. पाराला येक चक्कर मारून दाखवा, मंग नेतो!"

गावानं शिट्ट्या मारल्या. मागच्या माणसाच्या खिशातून किल्ली निघाली, कुलूप निघालं, हार निघाला. बंकट सायकल धरून उभा. सभापतींच्या चेहऱ्यावर हसू होतं, पण ते फ्लेक्सवरच्यासारखं छापलेलं. फेट्याखालून घामाची धार लागली.

"सायब, चालवलीच आसती," ते म्हणाले. "पर गुडघा. तिकडं लई चालवली ना, तवापासून धरलाय."

"आसं कसं? डाक्टरला न्हाई दावला?"

"दावला की. आवं, विचारा हिला. रातच्याला हीच तेल लावती." आणि गाव ऐकतंय म्हणून, भार कुणावर तरी टाकायचा म्हणून, त्यांनी माईक बायकोच्या हातात कोंबला. "सांग गं, किती चालवली ती. सांग समद्यांना."

उमापुरात सत्काराच्या माईकवर कुणाची बायको कधी बोलली नव्हती. बायकांच्या बाजूला, विमलबाईंच्या घरी कामाला येणारी मंगल उठून उभी राहिली आणि ओरडली, "बोला, बाई!" बबनरावांनी 'सांग' म्हणून बायकोला हळूच कोपर मारलं. विमलबाईंनी नारळ आणि साडीचा पुडा बंकटच्या हातात दिला. त्याला सायकल सोडावी लागली. ती पडायच्या आत त्यांनी एका हातानं हँडल धरलं. रबराची मूठ उन्हानं तापली होती.

"गुडघ्याला काय बी झालं न्हाई यांच्या," त्या म्हणाल्या. माईकमधून आपला आवाज पाराला आपटून परत आलेला त्यांनी ऐकला. मग पुन्हा बोलल्या, आता जरा मोठ्यानं. "तिकडं सामान गाडीतून जायचं. त्या सामानात हे बी आसायचे. सायकल मी चालवली, समद्या वाटेनं, येकलीनं. ही लेकीनं पुण्याहून मला धाडलीय. माझी हाय. सायबांना काय दुसरं द्या, ही मी कुणाला देत न्हाई."