टाळी वाजेपर्यंत

चहाच्या कपात पानाच्या देठाची एक काडी उभी तरंगत होती. नखाएवढी, हिरवट तपकिरी. काडीच्या एका टोकात हवा अडकली आणि दुसरं टोक भिजून जड झालं, की ती अशी उभी राहते. हवा निघून गेली की तळाशी बसते. यात दुसरं काही नाही. तरी आमच्याकडे अशी काडी दिसली की माणूस कोणाला न सांगता तो चहा पिऊन टाकतो. सांगितलं तर नशीब ऐकणाऱ्याकडे जातं म्हणतात.

शेवटच्या बैठकीत तो कप चिहारुसमोर होता, आमच्या गल्लीच्या बाजूने बोलणी करणाऱ्या बाईसमोर. तिला काडी दिसली होती, कारण तिने एकदा कपाकडे पाहिलं आणि लगेच नजर वर घेतली. पण ती चहा पिणार नव्हती. दोन वर्षांच्या बैठकांत तिने समोरच्या पक्षाचा एक घोटही घेतला नव्हता. आणि चहा ओतणारा सेइगो प्रत्येक वेळी तिचा कप भरत होता, दोन्ही हातांनी, मान खाली घालून. टोळीतला दुसऱ्या क्रमांकाचा माणूस. चहा ओतणं हे काही त्याचं काम नव्हे.

हिसाका टोळीचं घर आमच्या बाजारगल्लीच्या मधोमध आहे, बालवाडीच्या भिंतीला लागून. आजोबांच्या काळात या याकुझा मंडळींचं कोणाला काही वाटत नसे. जत्रेतले ठेले तेच लावायचे. पुढे दुसऱ्या टोळीशी त्यांचं वैर झालं आणि एका सकाळी त्यांच्या दारावर गोळ्या झाडल्या गेल्या. एक गोळी बालवाडीच्या घसरगुंडीत रुतलेली सापडली. कोणाला लागलं नाही, पण त्यानंतर गल्लीने ठरवलं की हे घर इथून हललं पाहिजे. बोलणी करायला मिनेगिशी चिहारुला बोलावलं. मच्छीमार आणि बंदरातला गाळ काढणारी कंपनी यांचा जुना तंटा तिनेच मिटवला होता.

पहिल्याच बैठकीत तिने आमची पंचाईत केली.

"मासेवाल्या ओगुशींची काच तुमच्या माणसांनी फोडली, हा आरोप मी मागे घेते," ती सेइगोला म्हणाली. "त्या दिवशी वाऱ्याने समोरच्या दुकानाची पाटी उडाली होती. काचेच्या तुकड्यांवर पाटीचा रंग आहे."

ओगुशी उसळला. "अहो बाई, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूच्या?"

"तुमच्याच. म्हणून तर तुमच्या नावावर खोटं नको."

सेइगोने तिच्याकडे नीट पाहिलं. रुंद खांद्यांचा, पन्नाशीला टेकलेला माणूस. भुवईवर जुना व्रण. मग म्हणाला, "माझ्यावरचा आरोप कोणी परत घेतल्याचं आयुष्यात पहिल्यांदा पाहतोय. अशा वेळी काय म्हणायचं असतं?"

"काही नाही. पुढचा मुद्दा घ्यायचा."

बैठक संपली की चिहारु धक्क्यावरच्या भिंतीवर बसून डबा खायची. मला सोबत न्यायची. माझं औषधांचं दुकान आहे आणि मी फार बोलत नाही, म्हणून मला साक्षीदार केलं होतं. समोरच्या पक्षाशी एकटीने भेटायचं नाही, हा तिचा नियम. सुरुवातीला मला तो नियम उगाच वाटला, कारण तिथे कोण येणार होतं? पण तिसऱ्या-चौथ्या बैठकीनंतर सेइगो आला. वाकून नमस्कार केला आणि मधे दोन माणसांची जागा सोडून बसला. हातात नासपती होती.

"घ्या," तो म्हणाला.

"नको. बोलणी चालू आहेत."

"फळाचा आणि बोलण्यांचा काय संबंध?"

"आज फळ घेतलं तर उद्या तुमचा एखादा मुद्दा मला पटला, की गल्ली म्हणेल फळामुळे पटला. आणि मलाही नक्की सांगता येणार नाही."

त्याने खिशातून चाकू काढला. माझा घास हातातच राहिला. त्याने नासपती सोलली, साल एकसंध उतरवली आणि एकट्याने खायला लागला. "मग मी चव सांगतो," तो म्हणाला. "पाणी भरपूर. गोडी उशिरा येते, गिळल्यावर. मधला भाग किंचित करकरीत, ओल्या वाळूसारखा."

"त्या दगडपेशी," चिहारु म्हणाली आणि हसली. ती हसताना मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.

त्यानंतर ऋतू बदलत गेले तशी फळं बदलली. संत्री, स्ट्रॉबेरी, पीच. तो खायचा आणि सांगायचा, ती ऐकायची, मी समुद्राकडे बघत बसायची. ओगुशीच्या बायकोने मला गाठून विचारलंसुद्धा, "काय गं फुसाए, तिथे बोलणी चालतात की फळबाजार?" मी म्हटलं, फळबाजार, पण गिऱ्हाईक काही घेत नाही.

यंदाच्या वसंतात त्याने हातात काही न आणता विचारलं.

"मी टोळी सोडली तर तुम्ही माझ्याशी लग्न कराल?"

चिहारुने डब्याचं झाकण लावलं. "हे आत्ता विचारू नका. मी हो म्हटलं काय आणि नाही म्हटलं काय, त्या खोलीतला माझा प्रत्येक शब्द संशयाचा होईल. बोलणी मिटल्याची टाळी वाजेपर्यंत थांबा."

"आणि वाजल्यावर?"

"वाजल्यावर तुम्हाला परत विचारावं लागणार नाही. मी स्वतः सांगेन. हो असो, नाही असो."

तो थांबला. पण टोळीही सोडेना. म्हातारा हिसाका त्याचा बाप नव्हता, तरी टोळीतल्या इतरांसारखा तोही त्याला बाबाच म्हणायचा. पंधराव्या वर्षी घरातून हाकललेल्या पोराला त्या माणसाने जेवू घातलं होतं. त्याच्या हातचा साकेचा, म्हणजे तांदळाच्या दारूचा, कप पिऊन सेइगो त्याचा झाला होता. टोळी सोडायची तर तो कप परत करायचा असतो, आणि ते तोंडाने, समोर बसून सांगायचं असतं. वर प्रायश्चित्त म्हणून करंगळीचं पेर कापून द्यायचीही जुनी रीत आहे. सेइगो महिनोन् महिने आज सांगतो, उद्या सांगतो करत राहिला. पुढची वाटही सोपी नव्हती. टोळी सोडली तरी पाच वर्षं बँकेत खातं मिळत नाही, भाड्याने घर मिळत नाही, नावावर फोनसुद्धा मिळत नाही. अशा माणसाशी लग्न केलेल्या बाईला यापुढे मध्यस्थीला कोण बोलावणार, हेही आम्हाला कळत होतं. तिला तर कळतच होतं.

शेवटच्या बैठकीच्या आदल्या दिवशी तो धक्क्यावर आला तो चेहरा पाडूनच.

"उद्या बाबा स्वतः येणार आहेत. घर सोडायला तयार आहेत, सगळं मान्य आहे. पण शेवटी एक गोष्ट मागणार आहेत. तुम्हा सगळ्यांच्या साक्षीने मला गादी द्यायची. एकदा लोकांसमोर कप पुढे आला की नाही म्हणता येत नाही."

"येतं," चिहारु म्हणाली.

"आजवर कोणाला आलंय?"

"मला माहीत नाही. पण येतं."

तो तिच्याकडे वळला. "मग तुम्हीच मागा ना मला. तुमच्या मागण्यांत घाला. घर रिकामं करा आणि सेइगोला सोडा. बाबा गल्लीसाठी तेवढं करतील."

"तू काही रिकामं करून घ्यायचं घर नाहीस," ती म्हणाली. "मी मागून घेतलं तर तू त्यांच्या हातातून माझ्या हातात येशील, एवढंच. तुझं तुलाच बोलावं लागेल."

त्या दिवशी ती त्याला पहिल्यांदा 'तू' म्हणाली. तिच्या ते लक्षात आलं नसावं. माझ्या आलं.

तर ती शेवटची बैठक देवळाच्या आवारातल्या सभेच्या खोलीत होती. दुपारचं ऊन कागदी दारांवर पडलं होतं. एका बाजूला आम्ही गल्लीतले, समोर काळ्या सुटातली टोळीची माणसं. बहुतेकांचे केस पिकलेले. बसताना गुडघे वाजले ते आम्हालाही ऐकू आले. मधे हिसाका, ऐंशी पार केलेला, किमोनोत, ताठ. त्याच्या पुढ्यात रेशमी कापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं. ते काय होतं हे त्याच्याखेरीज फक्त चिहारु, सेइगो आणि मी, आम्हा तिघांना ठाऊक होतं.

चिहारुने एकेक गोष्ट वाचली. वर्षाअखेर घर रिकामं होईल. टोळी समुद्रापलीकडे, हिसाकाच्या जन्मगावी जाईल. बालवाडीच्या आसपास त्यांची गाडी थांबणार नाही. प्रत्येक गोष्टीला हिसाका होकाराची मान हलवत गेला. वाचून झालं. तिने कागदाची घडी घातली. हिसाकाने श्वास घेतला आणि रेशमी कापडाकडे हात नेला.

आणि टोफूवाल्या उनेमोतोआजोबांना वाटलं की झालं.

आमच्याकडे कुठलंही प्रकरण मिटलं की टाळी होते. वयाने सर्वांत मोठा माणूस हाक देतो आणि सगळे एका ठेक्यात टाळ्या वाजवतात: तीन, तीन, तीन आणि एक. ती शेवटची एक वाजली की प्रकरण बंद. मग कोणी नवा मुद्दा काढायचा नाही, जुना उकरायचा नाही; जो काढेल त्याला माणसांत किंमत राहत नाही. याकुझा तर ही रीत आमच्याहून कडक पाळतात.

आजोबांनी दोन्ही हात वर केले आणि मोठ्याने हाक दिली, "इयोऽऽ!"

लहानपणापासून ती हाक ऐकली की आमचे हात आपोआप उठतात. विचार करायला वेळच मिळत नाही. ओगुशीने टाळ्या वाजवल्या, मी वाजवल्या, समोरच्या काळ्या सुटांनीही वाजवल्या. तीन, तीन, तीन, एक. सेइगोनेही वाजवल्या, आणि शेवटच्या टाळीला त्याचा चेहरा असा सैलावला, जसा खोल पाण्यातून वर आलेल्या माणसाचा होतो.

फक्त दोन माणसांचे हात हलले नव्हते. हिसाकाचा हात कापडावरच राहिला होता. चिहारुचे हात मांडीवर होते.

हिसाकाने तोंड मिटलं. त्याचा डाव गेला होता आणि तो अक्षरही बोलणार नव्हता. बोलला असता तर ऐंशी वर्षांची अब्रू गेली असती. तिने आता नुसतं वाकून नमस्कार केला असता, तर सगळं संपलं असतं. घर रिकामं, गादी टळली, सेइगो मोकळा.

"ही टाळी धरता येणार नाही," चिहारु म्हणाली.

"काय?" ओगुशी ओरडलाच.

"हिसाका-सान बोलायच्या बेतात होते. त्यांचं ऐकून घ्यायचं राहिलं आहे. समोरच्याचं बोलणं राहिलेलं असताना वाजलेली टाळी मी मानत नाही."

"अहो, त्यांच्याच माणसांनी वाजवली की!" ओगुशी म्हणाला. "आपणहून पदरात पडलेलं कोणी फेकून देतं का?"

"चूक माझी," उनेमोतोआजोबा पुटपुटले. "टोफू पाण्यात ठेवून आलोय, जीव तिकडे होता."

"चूक कोणाचीच नाही, आजोबा. परत वाजवू. हिसाका-सान, बोला."

मी तिच्याकडे पाहिलं. कानाची पाळी लाल झाली होती. आवाज मात्र कणभरही हलला नव्हता.

हिसाकाने कापड सोडलं. आत साकेचा पांढरा कप होता, अगदी साधा. "मला एवढंच मागायचं होतं," तो म्हणाला, "की या गल्लीच्या साक्षीने माझी गादी सेइगोला द्यावी. ज्या गल्लीत टोळी वाढली, तिथून निघताना." त्याने कप पुढे सरकवला. "ये पोरा."

सेइगो उठला. कपासमोर जाऊन बसला. त्याने चिहारुकडे पाहिलं नाही, आणि तिनेही नजर हिसाकावरून हलवली नाही. त्याने दोन्ही तळवे जमिनीला टेकले.

"बाबा, मी तुमचा कप परत करतो."

टोळीतला कोणीतरी "अरे!" म्हणाला. सेइगो थांबला नाही.

"तुम्ही जेवू घातलंत ते विसरणार नाही. तुमच्या शेवटाला खांदा द्यायला येईन. पण टोळीत राहणार नाही. हे फार आधी सांगायला हवं होतं. तोंड उघडत नव्हतं. आत्ता टाळी वाजली तेव्हा मला हायसं वाटलं, आणि मग या बाईंनी तुमचं बोलणं तुम्हाला परत दिलं. मग मला माझी लाज वाटली."

हिसाका त्याच्या वाकलेल्या पाठीकडे बघत होता. मग त्याने विचारलं, "भीतीपोटी जातोस, की कोणासाठी?"

"दोन्ही नाही. त्यांना काहीच ठाऊक नाही मी काय बोलणार ते. उत्तरही मिळालेलं नाही मला अजून."

"मिळालंच नाही तर?"

"तरी जातोच."

म्हातारा हसला. आधी खांदे हलले, मग आवाज आला. "कोणी विळी-बिळी आणू नका रे," तो आपल्या माणसांना म्हणाला. "बोट-बीट मला नको. ते मुरवून ठेवायला माझ्याकडे बरणी नाही." मग तो चिहारुकडे वळला. "बाई, माझा गेलेला डाव तुम्ही मला परत दिलात. मी काय मागणार हे माहीत होतं तुम्हाला?"

"होतं."

"तरी दिलात?"

"तुमचा होता."

हिसाकाने कप उचलला, कापडात गुंडाळला आणि स्वतःच्या बाहीत घातला. "पोरगा मोकळा आहे," तो म्हणाला. "त्याला कोणी बोट लावायचं नाही. उनेमोतो-सान, आता वाजवा. या वेळी टोफू विसरून."

आजोबांनी चिहारुकडे पाहिलं, हिसाकाकडे पाहिलं, परत चिहारुकडे पाहिलं. दोघांनी माना हलवल्यावरच त्यांनी हात वर केले. "इयोऽऽ!"

तीन, तीन, तीन, एक. देवळावरची कबुतरं उडाली. या वेळी चिहारुचे हातही वाजले आणि शेवटची टाळी सगळ्यांच्या मागे राहिली ती तिचीच.

मग खोलीत एकदम गलका झाला. काळे सूट आणि दुकानदार एकमेकांना वाकून नमस्कार करू लागले, ओगुशी कोणाच्या तरी पाठीवर थाप मारत होता. सेइगो आपल्या जागी परत आला होता. त्याने काही विचारलं नाही. विचारायचं नाही असं ठरलं होतं.

चिहारुने समोरचा कप दोन्ही हातांनी उचलला. चहा गार झाला होता; काडी केव्हाच तळाशी बसली होती. तिने तो सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला, काडीसकट. गलका थांबत गेला. दोन वर्षं तो कप कोणी रिकामा पाहिला नव्हता.

तिने कप खाली ठेवला आणि शेवटच्या रांगेलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"सेइगो, मी तुझ्याशी लग्न करणार आहे. आणि यापुढे नासपतीचा अर्धा वाटा माझा."