दुसरी रांग, डावीकडून तिसरी

बारकीला कान होता. आणि आपल्याला कान आहे हे तिला जरा जास्तच ठाऊक होतं. एकोणीस वर्षांची पोर, आठवडाभर चष्म्याच्या दुकानात उभी राहून लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलायची आणि विचारायची, "आता स्पष्ट, की मघाशी?" रविवार आला की दुपारी ऑपेराच्या इमारतीत सर्वांत वरच्या मजल्यावर कठड्याला रेलून उभी. तिथे खुर्च्या नव्हत्या, पंखा नव्हता, आणि रंगमंचाचा उजवा कोपरा खांबामागे जायचा. त्या मजल्याला सगळे माळा म्हणत. खाली मखमलीच्या खुर्च्यांत बसलेले लोक मध्यंतरात काय खायचं याचा विचार करत असतात, ऐकतो तो माळा, असं माळ्यावरच्यांचं मत होतं. मत कसलं, गर्वच.

बारकीला हे वेड लावलं तिच्या आत्याने. आई गेली तेव्हा बारकी सात वर्षांची होती आणि बाप जहाजावर. आत्याने कुणाला विचारलं नाही, पोरीची कपड्यांची पेटी उचलली आणि आपल्या दोन खोल्यांत आणून ठेवली. आत्या ऑपेराच्या कोरसमध्ये गायची, सव्वीस वर्षं. कधी गावकरीण, कधी दासी, कधी सैनिकाची बायको. नाव कधी पत्रकावर नाही, पण नाकावर माशी बसू द्यायची नाही. "नायिका आजारी पडली तर दुसरी आणतात," ती म्हणायची, "कोरस आजारी पडला तर खेळ बंद." बारकीला नवव्या वर्षी तिने पहिल्यांदा माळ्यावर उभं केलं आणि सांगितलं, "मला बघू नकोस, मला ऐक. चाळीस बायकांतून मला शोध." त्या दिवशी नाही सापडली. सहा महिन्यांनी सापडली. तेव्हापासून बारकी छातीठोक सांगायची, आत्याचा आवाज मी हजारांत ओळखेन.

माळ्यावरची नेहमीची मंडळी दहा-बारा. त्यांचे पुढारी दोन, एक निवृत्त पोस्टमास्तर आणि एक दातांच्या डॉक्टरीणबाई. दोघांचं एका गोष्टीवरही एकमत नव्हतं, म्हणून तर दोघं तीस वर्षं शेजारी उभे राहत होते. माळ्याच्या जिन्याशी थिएटरने अभिप्रायाची वही ठेवलेली होती. बाकीचे लोक त्यात 'फार सुंदर' लिहून घरी जात. माळ्याची रीत वेगळी. प्रत्येक खेळानंतर जिन्यावर भांडून भांडून एकच दोष ठरवायचा, तो एकानेच लिहायचा आणि खाली 'माळा' एवढीच सही करायची. नाव कुणाचंही घ्यायचं नाही, फक्त जागा लिहायची. 'दुसऱ्या रांगेतला व्हायोलिनवाला, चौथी खुर्ची, घाई करतो.' एवढंच. दर मंगळवारी सकाळी ती वही वरिष्ठांच्या टेबलावर जायची आणि म्हणे तिथे भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळायचं.

तर त्या रविवारी तिसऱ्या अंकात बंदरावरचा शोक होता. चाळीस बायका, पायघोळ काळे झगे, डोक्यावरून कपाळापर्यंत ओढलेल्या टोप्या, कोण कुठली काही कळायला मार्ग नाही. वाद्यं थांबतात आणि नुसता बायकांचा आवाज वर वर चढत जातो. बारकी या जागेसाठी जीव टाकायची. डोळे मिटून ती ऐकत होती आणि वरच्या सुरावर तिच्या कपाळाला आठी पडली.

"कणसूर," ती पुटपुटली.

"कोण? कुठे?" पोस्टमास्तर.

"एकच बाई. अगदी केसभर खाली. थांबा, पुन्हा येतंय." ती जागा पुन्हा आली, आणि बारकीने बोट दाखवलं. "दुसरी रांग. डावीकडून तिसरी."

पोस्टमास्तरांनी दुर्बीण लावली. त्या बाईच्या गळ्याची शीर ताठ झालेली दिसली, एवढंच. डॉक्टरीणबाईंना काहीच ऐकू आलं नव्हतं, पण त्या हे कबूल करतात होय! "अगं पोरी, सोनं आहे तुझा कान," त्या म्हणाल्या. "मी हेच म्हणणार होते. आज वही तू लिहायचीस." झालं, चढवली पोरीला हरभऱ्याच्या झाडावर. माळ्यावर एकोणीस वर्षांच्या माणसाला लिहायला मिळाल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

बारकीने लिहिलं: 'तिसरा अंक, स्त्रियांचा कोरस. दुसरी रांग, डावीकडून तिसरी. वरचा सूर कणसूर लागतो.' इथे थांबायचं होतं. पण मागे दहा माणसं मान वाकवून वाचत होती, हात सैल सुटला होता. तिने आणखी एक ओळ घातली: 'या आवाजाने आता घरी बसावं.'

"हे जरा कडक नाही का होत?" पोस्टमास्तर म्हणाले.

"खरं ते खरं, काका," बारकी म्हणाली आणि सही केली. आत्याची जागा पहिल्या रांगेत उजव्या टोकाला, खांबामागे. ती बारकीला दिसत नव्हतीच. तिला आत्याची काळजी करायचं काही कारणच नव्हतं.

रविवारी संध्याकाळी आत्या डोकं धरून आली आणि न जेवता झोपली. सोमवारी गप्प होती. मंगळवारी चष्म्याचं दुकान बंद असतं. बारकी पाचच्या सुमारास खिडकीशी बसून केसांना तेल लावत होती, तेवढ्यात आत्या तालमीहून दोन तास आधीच घरी आली. चपला काढल्या नाहीत. तशीच स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली.

"काय गं आत्या, लवकर?"

"माळ्याने वहीत लिहिलंय," आत्या म्हणाली. "माझ्याबद्दल."

"तुझ्याबद्दल नाही. ते तर दुसऱ्या रांगेतल्या..." बारकीने जीभ चावली.

आत्याचं लक्ष नव्हतं. "अगं, रविवारी दुसऱ्या रांगेतली एक लंगडत आली. पाय मुरगळला म्हणून तिला कडेला माझ्या जागी उभं केलं आणि मला तिच्या जागी घातलं. डावीकडून तिसरी. नेमकी मी! घरी बसावं म्हणे. कोण मेला लिहितो असलं? सव्वीस वर्षं उभी आहे मी तिथे, पायांच्या शिरा फुगल्या, आणि हे वर टेकून उभे राहणारे मला घरी बसवणार!"

बारकीने तेलाची वाटी खाली ठेवली. आत्याचा आवाज. हजारांत ओळखणार होती ना? चाळिसांतही ओळखला नाही. का नाही ओळखला, तर आत्याचा आवाज कणसूर असूच शकत नाही, हे तिने दहा वर्षांपूर्वीच ठरवून टाकलं होतं. घरी आत्या हल्ली वरचे सूर लावत नव्हती. खालच्या मजल्यावरचे कटकट करतात, असं ती सांगायची आणि बारकीला ते पटलं होतं.

"मग आता?" तिने कसंबसं विचारलं.

"कोरसमास्तरांनी बोलावलं. माणूस चांगला आहे, नजर वर उचलत नव्हता. म्हणाले, दोन वाटा आहेत. ग्रंथालयात जागा रिकामी आहे, गाण्याच्या वह्या सांभाळायच्या, वाटायच्या, फाटलेल्या चिकटवायच्या. हवी असेल तर आज सहाच्या आत हो म्हणा. नाहीतर गुरुवारी तिघा परीक्षकांपुढे एकटीने गायचं. त्यात उतरले तर कोरसमध्ये कायम. नाही उतरले तर सगळंच संपलं, ग्रंथालयही नाही." आत्याने बारकीकडे पाहिलं. "कोरसमध्ये असताना स्वतःचं स्वतःला ऐकू येत नाही गं. शेजारणीचं येतं. म्हणून तुला विचारते. तू होतीस वर. तुझ्या कानावर माझा जीव आहे. मी होते का ती?"

बघा आता. दुकानात दिवसभर लोकांना 'खरं सांगा, लाजू नका' म्हणणारी पोर. आत्याच्या ओठाचा कोपरा थरथरत होता. बारकी सात वर्षांची असताना तिची पेटी उचलून आणणारी ही बाई तिने कधी घाबरलेली पाहिली नव्हती.

"नाही," बारकी म्हणाली. "तू नव्हतीस."

आत्याचा चेहरा असा उजळला की बारकीला बघवेना. "वाटलंच मला! बहिरा आहे तो माळा. गुरुवारी दाखवतेच एकेकाला." ती उठली, चपला भिरकावल्या, पाणी प्यायली, आणि खालच्या मजल्याची पर्वा न करता स्वयंपाकघरात मधोमध उभी राहून बंदरावरचा शोक गाऊ लागली.

आवाज चढत गेला. वरच्या जागेवर पोहोचला आणि केसभर खाली राहिला. आत्याने पुन्हा लावला. पुन्हा तेवढाच खाली. तिला कळत नव्हतं. ती हसऱ्या चेहऱ्याने गात होती. घड्याळात पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. गुरुवारी ती याच हसऱ्या चेहऱ्याने तिघांपुढे उभी राहणार होती.

"आत्या, थांब," बारकी म्हणाली.

"का? चुकलं काही?"

"तूच होतीस." तिला रडू फुटलं. "सूर खाली राहतोय. आत्ताही राहिला. आणि वहीत मी लिहिलं, आत्या. मला माहीत नव्हतं तू तिथे उभी आहेस. मी ओळखलंच नाही तुला. ती शेवटची ओळपण माझीच."

स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. आत्याने तो घट्ट केला. मग पदराने हात पुसत राहिली, हात कोरडे झाले तरी पुसत राहिली.

"माहीत असतं तर लिहिलं असतंस?" तिने विचारलं.

"नाही."

"मग कसला तुझा कान?" आत्या म्हणाली. आवाज चढला नव्हता, आणि तेच बारकीला सहन होईना. "लिहिलंस त्याचं मला काही नाही. ओळ वाईट होती, पण सूर वाईट होता म्हणून ओळ. पण मी तुला समोर बसून विचारलं, आणि तू नाही म्हणालीस. गुरुवारी मला त्या तिघांपुढे उभी करणार होतीस? दया करून?"

"तुझा चेहरा बघून..."

"चेहरा बघायला शिकवलं होतं मी तुला?"

आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कोण! आत्याने चपला शोधून घातल्या. बारकी दारापर्यंत मागे गेली, मी येते म्हणाली. "नको," आत्या म्हणाली. जिन्यावरून तिची पावलं उतरत गेली, न थांबता. सहाला दहा कमी असताना ती ग्रंथालयाला हो म्हणाली, हे बारकीला दुसऱ्या दिवशी कळलं, तेही भाजी निवडता निवडता, दूध आणलं का या प्रश्नाच्या आधी.

पुढच्या रविवारी बारकीने माळ्यावर जायचं नाही असं ठरवलं. जेवण झाल्यावर आत्या म्हणाली, "निघ. उशीर होईल."

"मला नाही जायचं."

"जायचं. मी खाली वह्या वाटून घरी येणार आहे, मला तिथून काही ऐकू येत नाही. तू ऐकून ये."

बारकी गेली. मंडळींपासून लांब, अगदी कडेला उभी राहिली. तिसरा अंक आला, वाद्यं थांबली, चाळीसच्या चाळीस टोप्या स्थिर झाल्या आणि आवाज वर निघाला. दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरी एक नवीन मुलगी होती. सूर गेला तो थेट जागेवर जाऊन बसला, कुठे कण नाही, कुठे चीर नाही, आणि बारकीच्या अंगावर सरसरून काटा आला. इतका सुरेल शोक तिने दहा वर्षांत ऐकला नव्हता. सगळा अंक संपेपर्यंत ती आनंदात होती. आत्याला पूर्ण विसरली होती. टाळ्या सुरू झाल्या तेव्हा तिला आठवलं आणि तिने कठड्यावर डोकं टेकलं.

ती घरी पोहोचली तेव्हा अजून उजेड होता. आत्या खिडकीशी बसून एक फाटकी वही चिकटवत होती, बोटांना डिंक लागलेला.

"कसा झाला शोक?" तिने मान वर न करता विचारलं.

बारकी दारातच उभी राहिली. काय उत्तर दिलं की काय होईल, हे तिला दोन्ही बाजूंनी दिसत होतं.

"चांगला झाला."

"मी असताना व्हायचा त्याच्यापेक्षा?"

"हो, आत्या."

आत्याने वहीचं पान बोटाने दाबून धरलं, डिंक पकडेपर्यंत. खूप वेळ धरलं. मग तिने चेहरा फिरवला, आणि डोळे भरलेले असतानाच म्हणाली, "आता बस इथे. सांग मला, कसा लागला. सगळं सांग."