शिमोनची टाळी

हदासा झिराडकर वकिली सांभाळून लंडनमधल्या इल्फर्डची कौन्सिलर होती, तेव्हा तिच्या सभेत पहिली टाळी कुणाची पडणार हे सगळ्यांना ठाऊक असायचं. नवरा शिमोन शेवटच्या रांगेत बसायचा आणि बायकोचं वाक्य पुरतं संपायच्या आत टाळी ठोकायचा. ती गटारांवर बोलली तरी ठोकायचा! अकरा वर्षं त्याने दारोदार तिची पत्रकं वाटली, दोनदा कुत्रंही चावून घेतलं, आणि तिचा शब्द कधी खाली पडू दिला नाही. ही एक दिवस खासदार होणार, हे त्याने मनाशी धरूनच ठेवलं होतं.

आणि त्र्याण्णव साली तिला न्यायाधीशपदाची विचारणा झाली. पद घ्यायचं तर कौन्सिल सोडायची, पक्ष सोडायचा, राजकारणाचं नावही काढायचं नाही.

"अहो, काय करू?"

"घे की! विचारायचं काय त्यात?" शिमोन म्हणाला आणि बागेत जाऊन कापलेलंच गवत पुन्हा कापत बसला. अभिमान तर होताच, पण जज्जबाईंना पत्रकं थोडीच लागतात? आता हिला आपला उपयोग काय, हा प्रश्न त्याला कुरतडू लागला.

पहिल्या दिवशी तो नवा सूट घालून कोर्टाच्या गॅलरीत जाऊन बसला. हदासा विग घालून आत आली, सगळे उठून उभे राहिले. एका बॅरिस्टरने तिचं स्वागत केलं. तिने उभ्या-उभ्याच थोडक्यात आभार मानले, आणि शेवटचा शब्द संपतो न संपतो तोच टाळी पडली. कडाडून, आणि एकट्याचीच. सवयीपुढे बिचाऱ्याचं काय चालणार!

सगळ्यांच्या माना गॅलरीकडे वळल्या. काळ्या झग्यातला शिपाई तरातरा गॅलरीकडे निघाला.

"सायलेन्स इन द गॅलरी, प्लीज," हदासा वर न बघता म्हणाली आणि पहिला खटला पुकारायला सांगितला. शिमोन मान खाली घालून बाहेर पडला.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा तो स्वयंपाकघरात कांदा चिरत होता.

"तुझी लाज घालवली मी. उद्यापासून नाही येत."

"नकाच येऊ."

शिमोनचा चेहरा उतरला. तिने त्याच्या हातातली सुरी काढून घेतली.

"टाळी ऐकली आणि जिवात जीव आला माझ्या. पण तिथे माझ्या बाजूने कुणी असून चालणार नाही. तुमचं काम आता घरी. दिवसभर सगळे युअर ऑनर, युअर ऑनर करणार. मला ते खरं वाटायला लागेल. कुणीतरी माझ्याशी भांडायला हवं. तुम्ही तर कधीच भांडला नाहीत."

"मला नाही जमायचं."

"ट्राय तर करा!"

शिमोनने हात धुतले, पुसले, पुन्हा पुसले.

"मग ऐक. तू राजकारण सोडलंस ते मला मुळीच पटलेलं नाही. पार्लमेंटमध्ये जायला हवं होतंस तू. घे म्हणालो ते फक्त तुझ्यासाठी. माझा जीव तुटत होता!"

आवाज इतका चढला होता की तो स्वतःच दचकला आणि पुन्हा टॉवेलला हात पुसू लागला.

हदासाने डोळे पुसले, खुर्ची ओढली आणि त्याच्यासमोर बसली.

"बोला," ती म्हणाली, "आता थांबू नका."