उशीखालचा हात

"अहो, क्रेनला पुढे पाठवा की!" मागच्या खुर्चीवरून कोणीतरी ओरडलं आणि अख्खा हॉल हसला.

ती "काय बाई तुम्ही" म्हणत उठली, पण मनातून सुखावली होती. पुरुषांच्या वॉर्डात नर्स म्हणून चौदा वर्षं काढल्यावर मिळालेलं नाव होतं ते. ऐंशी किलोचा रुग्ण असो, ती एकटी त्याला खाटेवरून उचलून खुर्चीत बसवायची. नव्या मुली तिच्याकडूनच शिकायच्या. पक्षाघाताच्या रुग्णाला पुन्हा उभं कसं करायचं, याचं दोन दिवसांचं प्रशिक्षण सुरू झालं, तेव्हा सगळ्यांनी तिलाच ढकलावं यात नवल नव्हतं.

शिकवायला आलेल्या फिजिओ मॅडम म्हणजे अगदी काडीपहिलवान. त्या स्वतःच रुग्ण होऊन खाटेवर आडव्या झाल्या. "माझी उजवी बाजू गेली आहे असं समजा. रोज करता तसंच करा. लाजू नका."

तिने पदर खोचला, मॅडमना काठाशी बसवलं, लुळ्या हाताचं मनगट धरलं, दुसरा हात काखेत घातला आणि एका झटक्यात उभं केलं. मोजून चार सेकंद. टाळ्या पडल्या.

"किती वर्षं असं उचलताय?" मॅडमनी खांदा चोळत विचारलं.

"चौदा."

"तुमची चूक नाही. कोणी सांगितलंच नसणार." मॅडम सगळ्यांकडे वळल्या. "लुळ्या हाताचे स्नायू सैल पडलेले असतात. खांद्याचं हाड खोबणीत धरून ठेवायला कोणी नसतं. आपण हात ओढला की ते खाली सरकतं. पुन्हा ओढलं, आणखी सरकतं. त्या बिचाऱ्याला इतकं दुखतं, की तो पुढे हात हलवायचं नावच घेत नाही. आणि आपण म्हणतो, पेशंट सहकार्य करत नाही. हात म्हणजे दाराची मूठ नव्हे."

मग त्यांनी खांदा तपासायला शिकवलं. खांद्याच्या टोकाच्या हाडाखाली बोट ठेवायचं. बोट आत रुतलं, तर सांधा निसटलेला.

ती जागेवर येऊन बसली. शेजारच्या मैत्रिणीने कोपर मारलं, "तोंड का पाडलंस? आम्ही सगळेच तसेच उचलतो की."

वॉर्डातले चेहरे तिला नंतर आठवले. आधी आठवले ते आप्पा.

वडलांना पक्षाघात होऊन आठ महिने झाले होते. वाचा गेली होती, उजवी बाजू गेली होती. रोज सकाळी ड्यूटीवर जायच्या आधी ती त्यांना त्याच झटक्यात खुर्चीत बसवायची. ते विव्हळायचे. "आप्पा, लहान मुलासारखं करू नका हं," असं ती दटावायची, कारण बस चुकायची. उभ्या आयुष्यात ज्याने बोटात सुई घुसली तरी हूं की चूं केलं नाही, तो शिंपी माणूस दुखण्याचा एवढा बाऊ का करतो, हे तिला कळायचं नाही.

संध्याकाळी घरी गेल्यावर ती चप्पल काढून तशीच आतल्या खोलीच्या दाराशी थांबली. तिची चाहूल लागताच आप्पांनी डाव्या हाताने उजवा हात उचलला आणि उशीखाली सारला.

"हे... हे रोज करतात?" तिने मागे उभ्या असलेल्या आईला विचारलं.

आई पदराला हात पुसत राहिली. "दोन-तीन महिने झाले. तू आलीस की लपवतात. माझ्यापुढे नाही."

"मग मला सांगायचं नाही का गं?"

"तुला?" आई म्हणाली. "तू दवाखान्यातली. एवढी शिकलेली. तुला मी काय सांगणार?"

आईच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तो असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटून गेलं.

ती आप्पांच्या उजव्या बाजूला जमिनीवर बसली. आजवर ती नेहमी उभीच असायची. "आप्पा," ती म्हणाली, "मी रोज तुमचा हात ओढत होते ना, ते चुकीचं होतं. मला आज कळलं. तुम्ही ओरडत होतात ते खरं होतं."

आप्पा भिंतीकडे बघत राहिले. तिने हात पुढे केला नाही. आईने आणलेला चहा स्टुलावर निवून गेला. बऱ्याच वेळाने उशी हलली. आप्पांनी डाव्या हाताने उजवा हात बाहेर काढला, थोडा वेळ छातीशी धरून ठेवला आणि मग तिच्या ओंजळीत ठेवला.

याच हाताने तिच्या शाळेचे सगळे फ्रॉक बेतले होते. तिने सावकाश खांद्याच्या टोकाखाली बोट ठेवलं. बोट आत गेलं. चांगलं पेरभर.

"काय गं?" आईने विचारलं.

"माझ्यामुळे," ती म्हणाली.

मग तिने डोळे पुसले आणि मॅडमनी सांगितलेलं एकेक आठवत गेली. आप्पांना काठाशी बसवलं. पावलं जमिनीला नीट टेकवली, थोडी मागे घेतली. लुळ्या गुडघ्याला आपला गुडघा लावला. उजवा हात कोपरापासून आपल्या हातावर अलगद पेलून धरला आणि दुसरा हात त्यांच्या कमरेशी ठेवला.

"पुढे वाका. आणखी. नाक पावलांच्या पुढे यायला हवं. मी उचलणार नाही, तुम्हीच उठायचंय. एक, दोन, तीन."

आप्पा जेमतेम हलले आणि बसले. दुसऱ्यांदाही तसंच. आई तोंडाला पदर लावून उभी होती. लेकीचे दंड शिवशिवत होते. एक झटका दिला की काम होणार होतं. तिने दात आवळून स्वतःला आवरलं.

"घाई नाही आप्पा. बस नाही गाठायची मला."

तिसऱ्या वेळी ते इंचाइंचाने वर आले. थरथरत, वाकडे, पण उभे. तिच्या हातांना जवळजवळ काही वजनच लागलं नाही. होतं ते फक्त त्या निर्जीव हाताचं, आणि ते तिने आठ महिन्यांत कधी पेललंच नव्हतं.

आईने लगबगीने खुर्ची पुढे सरकवली.

आप्पांनी खुर्चीकडे पाहिलं आणि मान हलवली. इतक्यात नको.