खाली दोन फळ्या

"अच्युत, निघ ना बाहेर आता! नाव पाहून राहिला का नवरी?"

दिवाकर नर्मदेच्या काठी, ग्वारीघाटावर छत्री उघडून उभा होता आणि स्वतःच्याच विनोदावर हसत होता. अच्युतला हसायला सवड नव्हती. दोन ओंडक्यांवर तिरपी करून ठेवलेल्या नावेखाली तो पाठीवर झोपला होता. हातात टोचणी होती आणि नाकावर ताज्या डांबराचा थेंब पडला होता. रविवारचं धुतलेलं धोतर पार मातीत गेलं होतं. घरी बायको, अनसूया, काय म्हणेल ते त्याला ठाऊक होतं, तरी तो एकेक फळी ठोकत, कान लावून ऐकत सरकत होता. अर्धवट काम त्याला जमतच नसे.

कान लावायची ही सवय तोफगाड्यांच्या सरकारी कारखान्यातली. बावीस वर्षं अच्युत तिथे लाकूड पास करत होता. तोफांच्या गाड्यांसाठी, दारूगोळ्याच्या पेट्यांसाठी जंगलातून जे सागवान येई, त्यावर तो बोटाच्या सांध्याने टकटक करी आणि खडूने खूण करी. बरोबर, नाहीतर फुली. त्याची फुली गोरा साहेबही पुसत नसे. पगार बेताचा, बढती हुकलेली, अंगावरचा कोट लग्नातला. पण 'अच्युतबाबूंनी पाहिलंय' असं कुणी म्हटलं की पुढे वाद नाही. एवढी एकच चैन त्याने आयुष्यात केली होती आणि ती त्याला पुरत होती.

नावेपासून चार हातांवर टीकाराम बर्मन उकिडवा बसला होता. गिऱ्हाईक तो. त्याची जुनी नाव गेल्या पुरात वाहून गेली होती, आणि घाटाचा नियम असा की उतारू नेण्याची प्रत्येक नावाड्याची पाळी ठरलेली. तिला ते 'बारी' म्हणत. ज्याच्याकडे नाव नाही त्याला बारी नाही. कार्तिकी पुनवेपर्यंत नाव उभी राहिली नाही, तर टीकारामच्या आज्यापासून चालत आलेली बारी दुसऱ्याकडे जाणार होती.

लढाईपूर्वी यात काही कठीण नव्हतं. घाटावरच्या सुताराला सांगायचं, मंडल्याच्या बाजूचं सागवान यायचं, सगळ्या घाटाच्या डोळ्यांदेखत दोन महिन्यांत नवी नाव तयार. जुनी नाव कुणी विकत नसे. ती काठावर पालथी पडे आणि तिच्यावर शेळ्या उन्हं खात बसत. मग लढाई आली. सागवान झाडून सारं सरकारने उचललं. खिळे परमिटावर गेले. डांबर लष्कराच्या रस्त्यांना लागू लागलं. शेवटी घाटावरचा सुतारही दुप्पट रोजीवर कारखान्यात पेट्या ठोकायला गेला. चार वर्षांत घाटावर एक नवी नाव झाली नाही. आणि ज्या सागवानाच्या नावा झाल्या असत्या, त्याच्यावर बरोबरची खूण करत होता अच्युतच!

दिवाकरने हे सगळं लांबून ताडलं. बड्या फुहाऱ्याच्या बाजारात त्याचं कापडाचं दुकान होतं. कापडावर कंट्रोल आला आणि फडताळं रिकामी झाली. दुसरा असता तर हातपाय गाळून बसला असता. दिवाकर नर्मदेच्या काठाकाठाने गावं धुंडाळत निघाला. पालथ्या पडलेल्या नावा त्याने उचलल्या, बैलगाड्यांवर घालून आणल्या, कुठूनसं डांबर पैदा केलं आणि काळ्याकुळकुळीत करून विकायला काढल्या. शेळ्यांच्या बैठकीला नव्या नावेहून जास्त भाव आला. घेणाऱ्यांची मात्र पंचाईत होती. नाव कशी चालवायची ते त्यांच्या हाडांत होतं, पण डांबराखालचं जुनं लाकूड ओळखायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. म्हणूनच टीकाराम म्हणाला होता, "कारखाने वाले बाबूजी देख लें, तो हम आँख मूँद के ले लें."

म्हणून दिवाकरने अच्युतला आणलं. आणायचं म्हणजे काय, नुसतं 'चल' म्हणायचं. घमापूरच्या एकाच गल्लीत दोघे वाढले, एका पाटीवर दोघांनी मुळाक्षरं गिरवली. साऱ्या हिंदी शहरात मन मोकळं करायला अच्युतला हा एकच मराठी माणूस होता.

अच्युत नावेखालून निघाला, धोतर झटकलं आणि नेहमीसारखा दिवाकरशी मराठीत बोलला.

"बाजू ठीक आहेत. पण खाली दोन फळ्या गेल्या आहेत. त्या बदलून दे, मग काही भीती नाही."

"बदलतो ना बाप्पा. दोन फळ्यांचं काय घेऊन बसला?"

टीकाराम अधीर होऊन उठला. "का कही बाबूजी ने?"

"खाली दो तख्ते गए हैं," दिवाकर म्हणाला. "हम बदल देंगे."

"खाली दो?" टीकारामचा चेहरा एकदम फुलला. "काए बाबूजी, खाली दो?"

"हाँ, हाँ. खाली दो," अच्युत म्हणाला.

टीकाराम वाकून त्याच्या पाया पडला. तळाच्या फळ्या गेल्या तर यात पाया पडण्याजोगं काय आहे, असं अच्युतच्या मनात क्षणभर आलं खरं. पण भोळा माणूस आहे, आनंदला असेल, म्हणून त्याने ते सोडून दिलं. टीकाराम बायकोचे चांदीचे तोडे मोडून नाव घेतो आहे, हे त्याला घाटाच्या पायऱ्या चढताना दिवाकरनेच सांगितलं.

पुढचे रविवार कारखान्याने खाल्ले. फौजेची मागणी वाढली होती, सुट्ट्या बंद झाल्या. एकदा रस्त्यात दिवाकर भेटला तेव्हा अच्युतने विचारलं, "फळ्या बदलल्या ना रे?"

"दोन्ही बदलल्या. टीकारामच्या समोर," दिवाकर म्हणाला.

झालं. मित्राच्या शब्दावर टोचणी लावून पाहायची असते, हे काही अच्युतला कुणी शिकवलं नव्हतं.

कार्तिकी पुनवेला टीकारामची बारी पहाटेच लागली. अकरा उतारू घेऊन नाव निघाली. पलीकडचा काठ वीस हातांवर राहिला असताना तळातून पाणी आलं. झिरपत नव्हे, भसकन. माणसं कमरेएवढ्या पाण्यातून ओरडत काठाला लागली, एक म्हातारी टीकारामने खांद्यावर घेतली. नाव मागे सरकली आणि डोहात गेली. कुणी मेलं नाही. नर्मदामाईची कृपा, असं सगळे म्हणाले आणि त्याच संध्याकाळी टीकारामची बारी दुसऱ्याला दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी टीकाराम अच्युतच्या कांचघर मोहल्ल्यातल्या खोलीवर आला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. उंबऱ्याबाहेर उभा राहून तो हळू आवाजात म्हणाला,

"बाबूजी, आपने कही थी खाली दो खराब हैं. पूरा पेंदा बैठ गया."

"अरे, मी तेच तर... हमने वही तो कहा था! खाली के दो!"

"हओ. खाली दो. बाकी सब अच्छे."

"बाकी सब कधी म्हटलं मी?" अच्युत चिडून मराठीतच बोलून गेला. मग त्याने हाताचा तळवा उताणा करून दाखवला. "खाली! खाली, याने नीचे! पेंदे के! बदले नहीं क्या?"

टीकाराम त्याच्या तळव्याकडे पाहत राहिला. "बदले तो. ऊपर के. किनारे के दो. दिवाकर भैया ने हमारे सामने बदले."

अनसूया पाण्याचा तांब्या घेऊन आली होती, ती दारातच थांबली. अच्युत खाटेवर बसला. त्याच्या मराठीत खाली म्हणजे तळाला. टीकारामच्या हिंदीत खाली म्हणजे फक्त. फक्त दोन फळ्या गेल्यात, बाकी नाव ठणठणीत, असं टीकारामने ऐकलं होतं. आणि अच्युतने मान डोलावून, 'हाँ हाँ' करून त्यावर शिक्का मारला होता. कारखान्यात तो हमखास हिंदीत 'पेंदे के' म्हणाला असता. पण समोर मित्र होता, म्हणून घरच्यासारखा बोलला.

त्याने टीकारामला सगळं समजावलं.

"तो आपने झूठ नहीं कही," टीकाराम म्हणाला.

"नाही रे. नहीं."

"और भैया ने भी झूठ नहीं कही." एवढं बोलून तो पाणी न पिता निघून गेला.

अच्युतने त्या दिवशी कारखान्यात अर्ध्या रजेचा अर्ज दिला, बावीस वर्षांत पहिल्यांदा, आणि सरळ बडा फुहारा गाठला. दिवाकर रिकाम्या फडताळांपुढे बसून पान लावत होता.

"ये, बैस. ऐकलं मी. वाईट झालं."

"तू तळाच्या फळ्या काहून नाही बदलल्या?"

"अरे, तळाला सागवान लागते, लांब फळी लागते. कुठे आहे बाजारात? तूच सगळं पास करून करून फौजेला देऊन राहिला!" दिवाकर हसला. "पेट्यांच्या फळ्या होत्या, त्या बाजूला लावल्या. टीकाराम खूश होता."

"त्याला वाटलं, फक्त दोन."

"त्याला काय वाटलं ते मी काय करू?"

"तुला समजलं होतं. मी मराठीत बोलून राहिलो होतो, तो हिंदीत ऐकून राहिला होता. मधे तू होतास, दिवाकर. दोन्ही समजणारा तूच एकटा होतास तिथे!"

दिवाकरने पानाची घडी घातली. तो चिडला नाही, शरमलाही नाही. "मी एक तरी शब्द बदलला का? तू बोलला तेच बोललो, खाली दो. त्याने तुला विचारलं, तू हो म्हटलं. आता सांग, मी काय खोटं केलं?"

दिवाकरने खरंच एकही शब्द बदलला नव्हता. लाकडाला कीड लागली तर वरून भुकटी दिसते, ठोकलं तर आवाज पोकळ येतो. इथे तर वर सगळं गुळगुळीत होतं. ज्या माणसाजवळ तो इतकी वर्षं आपली भाषा बोलला, त्याने तीच भाषा वापरून त्याचा केसाने गळा कापला होता, आणि टीकारामचा कापायला हत्यार म्हणून अच्युतचीच जीभ घेतली होती. पान पुढे आलं. अच्युतने ते घेतलं नाही. तो दुकानाच्या पायऱ्या उतरला.

घाटावर बोलणी सुरू झाली होती. बाबूजींचा त्यात हिस्सा होता, असं कुणी म्हणे. कुणी म्हणे, कारखान्याचे लोक सगळे असेच. ही गोष्ट कारखान्यातही पोचली आणि पेट्या ठोकणारा घाटाचा जुना सुतार त्याच्या समोरून जाताना मान फिरवून जाऊ लागला. ते अच्युतला सगळ्यात जास्त लागलं. खडू हातात घेतला की त्याचा हात अडे, पास केलेल्या ओंडक्याकडे तो पुन्हा वळून पाही.

आठवड्याने नाव डोहातून निघाली. नावाड्यांनी दोर लावून ती काठावर ओढली. रविवारी एका पाळीची सुट्टी मिळाली तेव्हा अच्युत घाटावर गेला. टीकाराम एकटाच नाव फोडत होता. तळाच्या दोन फळ्या भिजल्या पोळीसारख्या हाताने सुटल्या होत्या. बाकी लाकूड तो बाजूला रचत होता आणि निघालेला प्रत्येक खिळा दगडावर ठोकून सरळ करत होता. खिळे सोन्याच्या मोलाचे झाले होते.

अच्युत त्याच्यासमोर बसला. आपल्या तोंडातून निघालेला शब्द त्याच्या कानापर्यंत कसा पोचेल याची त्याला धास्तीच वाटू लागली होती. त्याने एक वाकडा खिळा उचलला. टीकारामने त्याच्याकडे पाहिलं नाही, पण थोड्या वेळाने एक चपटा दगड त्याच्या बाजूला सरकवला. दोघे खिळे ठोकत राहिले. वरच्या पायरीवर बसलेले नावाडी ते पाहत होते.

तेवढ्यात टांगा थांबल्याचा आवाज आला आणि दिवाकर पायऱ्या उतरून आला.

"टीकाराम, तोड़ो मत. जैसी है वैसी हम वापस ले लेते हैं. तुम्हारा भी कुछ निकल आएगा."

टीकारामचा हात थांबला. घरात दुसरी मिळकत नव्हती. वरचे नावाडी कान देऊन ऐकत होते. त्यांच्यातल्या दोघांना स्वतःलाही नाव हवी होती. टीकारामने त्यांच्याकडे एकदा पाहिलं.

"न भैया," तो म्हणाला. "अब जा नाव काऊ की बारी में न जैहै."

ही नाव पुन्हा डांबर फासून आता कुणाच्याच बारीत जाणार नव्हती. त्याने पुढची फळी उचकटली.

दिवाकरने खांदे उडवले. मग अच्युतकडे वळून, काही घडलंच नसल्यासारखा, तो मराठीत म्हणाला, "काय रे, तू इथे काय करून राहिला? ऊन किती आहे! चल, टांगा उभाच आहे, तुला घरी सोडतो."

अच्युतने हातातला खिळा सरळ केला, ढिगावर ठेवला आणि मान वर केली. तो बोलला तो मोठ्याने, वरच्या पायरीपर्यंत ऐकू जाईल असा. घमापूरच्या गल्लीपासून आजवर या माणसाशी तो एकदाही हिंदीत बोलला नव्हता.

"आप चलिए, भैया," तो म्हणाला. "हमें अभी यहाँ काम है."

दिवाकरच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. छत्री सावरत तो पायऱ्या चढू लागला.